उत्तर मॅसेडोनिया अडला तो सुधारणांपायी नव्हे

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार-पाच ठिकाणांहून आला. आशय असा: उत्तर मॅसेडोनिया 2005 पासून युरोपियन युनियनच्या दाराशी ताटकळतोय, कारण त्याने सुधारणा केल्याच नाहीत. युनियन गुणवत्तेवर चालते. शेजारच्या अल्बानियाने काम केलं, तो पुढे गेला. देशाचं नाव बदलायलाही लोकांनी सार्वमतात नकार दिला होता. आणि आता एवढीशी घटनादुरुस्ती मागितलीय, तीही होत नाही.

राजधानी स्कोप्ये हे मदर तेरेसांचं जन्मगाव, यापलीकडे आपल्याकडे या देशाची फारशी ओळख नाही. त्यामुळे असं काही वाचलं की ते सहज पटतं. मला मात्र हा मजकूर दर वेळी खुपतो. ज्यांनी जिवाचा आटापिटा करून शर्ती पाळल्या, त्यांनाच तो आळशी ठरवतो. म्हणून त्यातली विधानं एकेक करून घेतो.

पहिलं, सुधारणा केल्याच नाहीत. पश्चिम बाल्कनमध्ये युनियनशी सहकार्य करार सर्वात आधी केला तो याच देशाने, एप्रिल 2001 मध्ये. त्याच वर्षी तिथे मॅसेडोनियन सरकार आणि देशातल्याच अल्बेनियन समाजातले बंडखोर यांच्यात सशस्त्र संघर्ष पेटला होता. ऑगस्टमध्ये ओह्रिदचा करार झाला, राज्यघटना बदलली, अल्बेनियन भाषेला आणि समाजाला अधिकार मिळाले. 2004 मध्ये सदस्यत्वाचा अर्ज गेला, डिसेंबर 2005 मध्ये उमेदवाराचा दर्जा मिळाला. आणि ऑक्टोबर 2009 मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे ज्यांचं कामच उमेदवाराला तपासायचं आहे त्यांनी, वाटाघाटी सुरू करा अशी शिफारस केली. ही शिफारस त्यानंतरही वर्षानुवर्षं होत राहिली.

मग अडलं कुठे? युनियनमध्ये कमिशन तपासतं आणि शिफारस करतं, पण दार उघडायचं ते सदस्य देशांनी, आणि तेही एकमताने. एकदाच नव्हे, जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर. एका देशाने हात आखडला की सगळं ठप्प. 2009 नंतर तो हात ग्रीसचा होता. ग्रीसच्या उत्तरेकडच्या प्रांताचं नावही मॅसेडोनिया, म्हणून शेजाऱ्याने ते नाव घेऊ नये ही अथेन्सची भूमिका. युगोस्लाव्हियातून वेगळं झाल्यावर स्वतंत्र देश म्हणून मान्यता मागितली, तेव्हा 1992 मध्येही या नावापायी हेच झालं होतं. युरोपीय देशांनीच नेमलेल्या बादिंतेर या कायदेतज्ज्ञांच्या आयोगाने मॅसेडोनिया मान्यतेच्या कसोट्यांना उतरतो असा अभिप्राय दिला, तरी त्या वर्षीच्या लिस्बन बैठकीत युरोपीय नेत्यांनी ‘मॅसेडोनिया’ हा शब्द नसलेल्या नावानेच मान्यता देऊ असं ठरवलं. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ या तात्पुरत्या नावाने. 2008 मध्ये नाटोचं निमंत्रणही ग्रीसने अडवलं. ते अडवणं दोन्ही देशांतल्या 1995 च्या कराराचा भंग होता, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये 15 विरुद्ध 1 मतांनी दिला. त्याने प्रत्यक्षात काहीच बदललं नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. थांबवून ठेवलेल्या त्या वर्षांत देश बिघडला. तेव्हाचे पंतप्रधान निकोला ग्रुएव्स्की यांच्या काळात राजधानीत पुतळे आणि नक्षीदार दर्शनी भिंतींवर पैसा ओतला गेला. 2015 मध्ये हजारो लोकांचे फोन चोरून ऐकले जात असल्याचं प्रकरण बाहेर आलं. ग्रुएव्स्की दोषी ठरले आणि 2018 मध्ये तुरुंगात जाण्याऐवजी हंगेरीत पळून गेले. त्या काळातले गैरव्यवहार खणून काढायला नेमलेल्या विशेष सरकारी वकील पुढे स्वतःच एका खंडणीच्या खटल्यात दोषी ठरल्या. सप्टेंबर 2023 मध्ये तर, युरोपीय कायद्यांसाठी राखीव असलेल्या झटपट पद्धतीने, पदाच्या गैरवापराच्या शिक्षा सौम्य करण्यात आल्या. मार्च 2025 मध्ये कोचानी शहरातल्या नाइटक्लबच्या आगीत साठच्या आसपास माणसं गेली, बहुतेक तरुण, आणि त्या जागेकडे वैध परवानाच नव्हता. हे सगळं खरं आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. पण कमिशनने पहिल्यांदा ‘सुरू करा’ म्हटलं ते 2009 मध्ये, आणि या यादीतलं बरंचसं त्यानंतरचं आहे. आधी बिघडला म्हणून थांबवला, असा क्रम लावता येत नाही.

दुसरं, लोकांनीच नाव नाकारलं. जून 2018 मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी मॅसेडोनियाचे झोरान झाएव आणि ग्रीसचे अलेक्सिस त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या साक्षीने करार झाला: देशाचं नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’ होईल, ग्रीस वाट सोडेल. 30 सप्टेंबरला सार्वमत झालं. मतदान सुमारे 37 टक्के, आणि मत दिलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. निम्मे मतदार न आल्यामुळे ते ग्राह्य ठरलं नाही, हे बरोबर. पण नकाराच्या बाजूच्या बऱ्याच लोकांनी बहिष्काराची हाक दिली होती. शिवाय मतदार यादी बघा. यादीत सुमारे 18 लाख नावं होती. आणि 2021 च्या जनगणनेत देशात प्रत्यक्ष राहणारी माणसं, तान्ह्या मुलांसकट, सुमारे 18 लाख 36 हजार भरली. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीत कामाला गेलेल्यांची नावं यादीत तशीच होती. अशा यादीतून निम्म्यांनी येणं किती अवघड, हे साध्या हिशेबाने कळतं. लोकांनी भरभरून कौल दिला असं मी म्हणणार नाही. नाकारला, असंही म्हणता येणार नाही. शेवटी सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. जानेवारी 2019 मध्ये संसदेत 120 पैकी 81 जणांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दिलं, आणि देशाने स्वतःचं नाव बदललं. बाहेरच्या संघटनांत जाण्यासाठी एवढी मोठी किंमत दुसऱ्या कोणत्या उमेदवाराने मोजली असेल, तर मला ठाऊक नाही.

मोबदल्यात नाटो मिळालं, मार्च 2020 मध्ये. युनियन मिळाली नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने अडवलं. प्रवेशाची पद्धतच आधी बदला, असं मॅक्रॉन यांचं म्हणणं. तेव्हाचे युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांनी जाहीरपणे सांगितलं की उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानिया दोघेही परीक्षेत उत्तीर्ण झाले, आपल्या सदस्य देशांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. मार्च 2020 मध्ये होकार आला. नोव्हेंबरमध्ये बल्गेरियाने भाषा आणि इतिहासाच्या वादावरून नकाराधिकार वापरला.

तिसरं, अल्बानिया गुणवत्तेवर पुढे गेला. अल्बानियाचं श्रेय काढून घ्यायचं नाही. 2016 पासून त्यांनी प्रत्येक न्यायाधीशाची आणि सरकारी वकिलाची मालमत्ता व पार्श्वभूमी तपासली, निम्म्याहून जास्त जण बाहेर पडले. भ्रष्टाचारविरोधी विशेष यंत्रणेने माजी अध्यक्ष आणि राजधानी तिरानाच्या महापौरांनाही अटक केली. पण प्रवेशाच्या वाटाघाटींची दोन्ही देशांची पहिली बैठक एकाच दिवशी झाली, 19 जुलै 2022 ला. कायद्यांची छाननीही सोबतच झाली. 2024 च्या शरद ऋतूत दोघांना वेगळं केलं गेलं, ते स्कोप्येने बल्गेरियाला हवी असलेली, सुरुवातीच्या मजकुरातली ती घटनादुरुस्ती केली नाही म्हणून. न्यायालयांचे गुण कमी पडले म्हणून नव्हे. आणि गुणवत्ताच सगळं ठरवते म्हणणाऱ्यांनी सर्बियाकडेही बघावं. रशियावरच्या निर्बंधांत सर्बिया सामील झाला नाही, तरी वाटाघाटींच्या 35 प्रकरणांपैकी, म्हणजे विषयांपैकी, त्याची 22 उघडलेली आहेत. परराष्ट्र धोरणात युनियनशी पूर्ण जुळवून घेणाऱ्या उत्तर मॅसेडोनियाचं एकही नाही.

राहिली ती ‘एवढीशी’ घटनादुरुस्ती. राज्यघटनेच्या प्रस्तावनेत अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांची नावं आहेत. त्यांत बल्गेरियन जोडायचं. 2021 च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे 3,504 जण आहेत. माझ्या मते त्यांचं नाव घटनेत यावं. थोडे असले तरी ते नागरिक आहेत, आणि त्यांना गद्दार म्हणणारे स्कोप्येतले आवाज लाजिरवाणे आहेत.

पण भांडण त्या एका शब्दाचं नाही. 1992 मध्ये या देशाला सर्वात आधी मान्यता दिली ती बल्गेरियानेच, मात्र मॅसेडोनियन ही वेगळी भाषा आहे हे सोफिया, म्हणजे बल्गेरियाचं सरकार, मानत नाही. 2017 च्या मैत्री करारातून इतिहासकारांची संयुक्त समिती आली. ऑटोमन सत्तेविरुद्ध लढलेला, 1903 मध्ये मारला गेलेला गोत्से देल्चेव कोणाचा, शाळेच्या पुस्तकात मध्ययुगातला राजा झार सामुइल कसा लिहायचा, यावर तिथे वर्षं गेली. 2022 मध्ये फ्रान्सने मांडलेल्या तोडग्यात हे शेजारसंबंध प्रवेशाच्या वाटेवरच आणून बसवले. म्हणून स्कोप्येतल्या सामान्य माणसाचा प्रश्न एवढाच असतो की हे केल्यावर पुढचं काय मागतील. ग्रीसच्या वेळी ‘ही शेवटची अट’ हे त्याने ऐकलेलं आहे. दुसऱ्या बाजूला, बल्गेरियात मॅसेडोनियन म्हणवणाऱ्यांच्या संघटनांची नोंदणी नाकारली जाते. त्याविरुद्ध युरोपियन मानवाधिकार न्यायालयाचे निकाल 2006 पासून आहेत.

दुरुस्तीला 120 पैकी 80 मतं लागतात. जुलै 2022 मध्ये फ्रान्सचा प्रस्ताव 68 मतांनी स्वीकारला गेला, तेव्हा रस्त्यावर निदर्शनं चालू होती. मे 2024 च्या निवडणुकीत तेव्हाचा विरोधी पक्ष मोठ्या फरकाने जिंकला. त्याच पक्षाचे पंतप्रधान ह्रिस्तियान मित्सकोस्की यांचं म्हणणं असं की दुरुस्ती आत्ता मंजूर करू, पण ती लागू व्हावी प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी. सोफियाने ते मान्य केलेलं नाही, आणि ब्रसेल्स, म्हणजे युनियनही, 2022 मध्ये ठरलं तेच पाळा म्हणतं.