ओयखलं का भाऊ?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फोन करणारा माणूस स्वतःचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगणे म्हणजे नात्यात परकेपणा आणणे, अशी त्याची ठाम समजूत असते. तो प्रथम "ओयखलं का भाऊ?" असे विचारतो आणि मग माझ्या उत्तराची वाट पाहत गप्प बसतो. त्या शांततेत मला जितका घाम फुटला आहे, तितका मे महिन्यातल्या लग्नांच्या पंगतीतही फुटलेला नाही.

आईला माझे हे हाल म्हणजे निव्वळ ढोंग वाटते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पण अंगणात कोणी नुसते खाकरले, तरी ती चुलीपुढून न उठता, "पाटलाचा धाकटा येऊन रायला, पैसे मागाले," असे सांगून मोकळी होते. (यातला पैशांचा भाग ती खाकरण्यावरून ओळखते की पूर्वानुभवावरून, हे मला अद्याप उलगडलेले नाही.)

१९८० साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना यंत्राला जोडलेली चोखणी दिली, तेव्हा ती बाळे चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आपल्या आईचाच आवाज लावून घेऊ लागली. मी वयाच्या ५४ व्या वर्षी त्या बाळांच्याही मागे आहे. काही माणसांना बोलणे नीट ऐकू येते, त्याचा अर्थही कळतो, परंतु आवाज कोणाचा तेवढे उमगत नाही. या दोषाला फोनॅग्नोसिया म्हणतात. हा भारदस्त शब्द मी एकदा पत्नीपुढे ढालीसारखा धरला, तेव्हा तिने, "मंग माह्याच भावाच्या वेळी बरा होते तो तुमाले?" एवढेच विचारले.

थोडा दोष फोनचाही आहे. साध्या फोनवरून वर्षानुवर्षे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात आला आहे आणि पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी असते १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आवाजाचा तळ वाटेतच गळतो आणि ऐकणाऱ्याचा मेंदू तो वरच्या सुरांवरून अंदाजाने भरून काढतो. माझा मेंदूही भरून काढतो, मात्र दुसऱ्याच माणसाचा. त्यातून बोलणाऱ्याच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असला, की निम्म्या जिल्ह्याचा आवाज एकच होतो.

यंदा तुरी काढून झाल्यावर असाच एक खर्रा भरलेला फोन आला. "आवाज त तुमचा हजारात ओयखतो मी," असे पलीकडून ऐकताच हे दारव्ह्याचे साडभाऊच, असे मी ठरवून टाकले. पुढची सात मिनिटे मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, पोरीच्या सोयरिकीबद्दल सल्ला दिला आणि गुरांसाठी कुटाराची एक ट्रॉलीही कबूल केली. त्यांनीही ती आनंदाने स्वीकारली आणि सहज विचारले, "अन् तुमच्या हिंगणघाटच्या दुकानाचं काय झालं मंग?"

माझे हिंगणघाटला दुकान नाही; तिथे मी आयुष्यात एकदाच गेलो आहे, तेही गाडी चुकली म्हणून. तसे सांगितल्यावर पलीकडे शांतता पसरली.

"मंग तुमी कोन बोलून रायले?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

"ओयखा बरं," मी म्हणालो आणि वाट पाहत बसलो.