खटला लुटूपुटूचा असू दे, पण निकाल आधी ठरलेला नको

संविधान दिन जवळ आला की शाळांचे फोन सुरू होतात. "मॅडम, मुलांचं अभिरूप न्यायालय बसवतोय, स्क्रिप्ट तेवढी तपासून द्या." मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, कामं बहुतेक फौजदारी. शाळांना असं काही करावंसं वाटतं याचा मला मनापासून आनंद होतो. पण स्क्रिप्ट तपासून द्यायचं मी आता बंद केलंय. का, ते जरा सविस्तर लिहिते.

या स्क्रिप्टा साधारण एकाच साच्यातल्या असतात. न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, दोन वकील "ऑब्जेक्शन, मिलॉर्ड" म्हणून एकमेकांवर ओरडतात. मग इन्स्पेक्टर येऊन सांगतो की आरोपीने गुन्हा कबूल केलाय. शिक्षा होते, टाळ्या पडतात.

आपल्या कोर्टात हातोडा नसतो. शपथ तोंडी असते, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे. ईश्वराची शपथ घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरं बोललं पाहिजे एवढं कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविनाही घेता येते. तालुक्याच्या कोर्टात आम्ही "सर" किंवा "मॅडम" म्हणतो, मिलॉर्ड नाही. स्क्रिप्टांत चोरीचं कलम अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७९ लिहिलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते ३०३ झालं. इंटरनेटवरून उतरवलेल्या अमेरिकन खटल्यात बारा जणांची ज्युरी असते. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने दिलेला कौल मुंबई उच्च न्यायालयाने बाजूला ठेवला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरी राहिलीच नाही. हे सगळं पाच मिनिटांत दुरुस्त होतं. माझी तक्रार वेगळीच आहे. या स्क्रिप्टांत निकाल आधीच लिहिलेला असतो.

निकाल ठरलेला असला की मुलं पाठांतर करतात. मग ते नाटक झालं. टिळकांच्या १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याचं नाट्यरूप शाळांनी जरूर करावं, मुलांच्या तोंडी ती भाषा बसते. पण सात विरुद्ध दोन असा ज्युरीचा कौल आणि सहा वर्षांची शिक्षा सगळ्यांना ठाऊक असते. तिथे कोणालाच काही ठरवायचं नसतं. आणि न्यायव्यवस्था कळते ती स्वतः ठरवायची वेळ आली की. आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायालयांची उतरंड आहे: सर्वोच्च, उच्च, जिल्हा, कनिष्ठ. मुलं ती धडाधड म्हणतात. पण जे कोर्टाने डोळ्यांनी पाहिलेलं नाही ते घडलं की नाही, हे कोर्ट ठरवतं कशावरून, हा प्रश्न पुस्तकात येतच नाही. तो मुलांना पडावा म्हणून हा सगळा खटाटोप.

म्हणून मी स्क्रिप्टऐवजी कागद देते. आमच्या भागातला, मुलांना घरून माहीत असलेला गुन्हा: विहिरीवरची पाच एचपीची मोटर चोरीला गेली. फिर्याद, दोन साक्षीदारांचे जबाब, मोटर खरेदीचं बिल, भंगारवाल्याच्या दुकानात मोटर मिळाल्याचा पंचनामा, त्यातच आरोपीची पोलिसांपुढची कबुली. बस्स. साक्षीदार झालेल्या मुलाला फक्त त्याचा जबाब मिळतो, त्यात पदरचं काही घालायचं नाही. न्यायाधीश तीन, म्हणजे जास्त मुलांना काम मिळतं (खऱ्या कोर्टात या खटल्याला एकच न्यायदंडाधिकारी असतात, हे त्यांना आधीच सांगते). कोण जिंकणार हे मलाही माहीत नसतं, कारण कागद मुद्दाम तसे केलेत.

गेल्या वर्षी नववीच्या एका वर्गात काय झालं ते सांगते. फिर्यादीत मालक म्हणतो, "पहाटे तीनला लाईट आली, मोटर चालू करायला गेलो तर मोटर जागेवर नव्हती." साक्षीदार म्हणतो, रात्री दोनच्या सुमारास विहिरीजवळच्या खांबावरच्या बल्बच्या उजेडात मी आरोपीला पोतं घेऊन जाताना पाहिलं. बचावाच्या वकील झालेल्या मुलीने हे हेरलं होतं. एरवी वर्गात हात वर न करणारी मुलगी. उलटतपासणीला उभी राहिली, आवाज थोडा कापत होता.

"तुम्ही किती वाजता पाहिलं?"
"दोन वाजता."
"कशाच्या उजेडात?"
"बल्बच्या."
"फिर्यादी म्हणतात लाईट तीनला आली. हे खरं आहे?"

साक्षीदार गप्प. वर्गात एकच गलका. मला वाटलं, संपली केस. तेवढ्यात सरकारी वकील झालेला मुलगा फेरतपासणीला उठला. घरी ऊस, रात्रीच्या पाळीला वडिलांबरोबर पाणी पाजायला जाणारा. त्याने विचारलं, "खांबावरचा बल्ब सिंगल फेजवर चालतो का थ्री फेजवर?" थ्री फेज नसली की मोटर चालत नाही, पण काही ठिकाणी सिंगल फेज असते, बल्ब लागतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता साक्षीदाराने काय सांगायचं? त्याच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "सांगता येणार नाही." म्हणजे बल्ब लागला असेलही, नसेलही.

मग पंच आला. भंगारवाल्याकडून जप्त केलेल्या मोटरीचा नंबर पंचनाम्यात लिहिलेलाच नव्हता. बिलावर मात्र होता. जबाबात पंच म्हणतो, सही पोलीस ठाण्यात केली. कोर्टात रोज बसणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही. मुलांच्या मात्र चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली. कागदावर लिहिलंय म्हणून ते तसंच घडलं असेल, असं नसतं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

कबुलीवर तर मोठाच वाद झाला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३, आणि आधीच्या १८७२ च्या कायद्यातही तेच होतं. त्याने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच, त्या सापडण्यापुरता भाग वापरता येतो. मुलं चिडली. "मॅडम, त्याने स्वतः सांगितलंय की!" मी विचारलं, कोठडीत, रात्री, एकटं असताना माणूस काय काय कबूल करेल? कोणी काही बोललं नाही. नंतर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर मारतात तेव्हा आम्ही पण न केलेलं कबूल करतो." शिक्षकांसमोर म्हणाला. त्या सरांनी ते ऐकून घेतलं, रागावले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटलं.

निकाल लिहिताना एकच नियम: कारणं लिहायची, आणि प्रत्येक कारणापुढे कोणत्या कागदावरून ते लिहायचं. एका न्यायाधीशाने लिहिलं होतं, "आरोपी पहिल्यापासून संशयास्पद वाटतो." शेजारच्या मुलीने विचारलं, "कुठल्या कागदात?" त्याने ती ओळ खोडली. दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या एका ओळीवर झालं, असं मी म्हणेन.

या तुकडीने संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडलं. शेजारच्या तुकडीने हेच कागद वाचून शिक्षा दिली, आणि त्यांचीही कारणं कच्ची नव्हती. दोन्ही तुकड्या नंतर कितीतरी दिवस भांडत होत्या म्हणे. फिर्यादी झालेला मुलगा तर खरोखर रागावला. "म्हणजे माझी मोटर गेली ती गेलीच?" त्याला मी समजूत घालणारं उत्तर दिलं नाही, कारण ते नाहीच. तपास ढिला झाला की त्याचा फटका फिर्यादीलाही बसतो. पंचनाम्यात नंबर लिहायला दोन मिनिटं लागली असती. सुटलेल्या आरोपीचा राग आपण कोर्टावर काढतो, आणि तो नंबर का लिहिला नाही हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक वर्गात एक प्रश्न येतोच: कसाबला वकील कशाला दिला? मी हा प्रश्न टाळत नाही. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे, आणि ज्याची ऐपत नाही त्याला मोफत विधी साहाय्य मिळावं हे कलम ३९अ सांगतं. पण एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मग त्याच खटल्याची दुसरी बाजू सांगते. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१० मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. सगळा देश संतापलेला असताना, त्याच खटल्यात, कोर्टाने तिघांचा पुरावा वेगवेगळा तपासला. बचाव ऐकलाच नसता तर हे कसं झालं असतं? यावर वर्ग शांत होतो. पटतंच असं नाही, पण विचार सुरू होतो.

"तुम्ही मुलांना गुन्हेगाराची बाजू घ्यायला शिकवता," असं एका पालकांनी मला सुनावलं होतं. माझं म्हणणं उलट आहे. ज्याला आरोपी दोषीच वाटतो, त्यालाच मी बचावाचा वकील करते. तीन दिवस त्याला समोरच्याच्या जागी बसून कागद वाचावे लागतात. आजच्या काळात व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला की गावंच्या गावं निकाल देऊन मोकळी होतात. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षुकी करून पोट भरणारी भटकी माणसं होती ती. त्यांना "तू कोण, कुठला" याचं उत्तर पुरतं द्यायलाही कोणी वेळ दिला नाही. आमच्या मुलांना "कुठल्या कागदात?" असं विचारायची सवय लागावी ती यासाठी.

शिक्षकांना दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगते. शाळेत खरंच घडलेली चोरी, भांडण, प्रेमप्रकरण कधीही खटल्यासाठी घेऊ नका. ज्या मुलाला आरोपीच्या जागी उभं कराल तो वर्षभर तिथेच उभा राहील. आरोपीचं नाव असं ठेवा की त्यावरून जात-धर्म कळणार नाही. आणि गोष्टीतला आरोपी सज्ञान ठेवा. अठराखालच्या मुलाचं प्रकरण या कोर्टात येतच नाही, ते बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि का जातं हा वेगळा तास घ्यावा इतका महत्त्वाचा विषय आहे.

अभिरूप खटला एका दुपारी संपतो, ही त्याची खोटी बाजू. म्हणून मी मध्येच एक साक्षीदार गैरहजर ठेवते आणि पुढच्या आठवड्याची तारीख देते. मुलं वैतागतात. वैतागू द्या. त्यानंतर त्यांना खऱ्या कोर्टात घेऊन या. फौजदारी कोर्ट खुलं असतं, जागा असेल तर कोणीही मागे बसू शकतं, न्यायाधीशांनी मनाई केली नसेल तर. आधी कोर्टात पत्र द्या, थोडी थोडी मुलं आणा. पुकारा कसा होतो, कोण सकाळपासून पिशवी घेऊन बाकड्यावर बसलंय, किती प्रकरणांत नुसती तारीख पडते, हे ती बघतील. काही मुलं म्हणतात, हे तर कंटाळवाणं आहे. मी म्हणते, ज्यांचं प्रकरण आहे त्यांना किती वर्षं हे बघावं लागतं ते विचारा.

यंदा दिवाणी दावा घ्यायचा विचार आहे: बांध कोरल्याचा. सातबारा, मोजणीचा नकाशा, दोन शेजारी आणि एक म्हातारे साक्षीदार. गट नंबर अर्थातच काल्पनिक, कुठल्याही गावाशी न जुळणारा. तिथे "संशयापलीकडे" असं सिद्ध करायचं नसतं, कोणाची बाजू अधिक संभवनीय हे बघायचं असतं, त्यामुळे मुलांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल. ज्या शिक्षकांना मोटरचोरीचे कागद हवे असतील त्यांनी मेसेज करावा, पाठवते. फक्त एक अट: तुमच्या मुलांनी काय निकाल दिला आणि कोणत्या कारणांनी, ते मला कळवायचं.