ग्लासच्या तळाला ॲसिड लावू नका, गॅस त्याने वाढतही नाही

भाच्याने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, यातलं कुठलं ॲसिड आणू?" त्यामुळे हे आजच लिहिणं भाग आहे. त्या मजकुराचं म्हणणं असं: बियरच्या ग्लासचा तळ आतून खरबरीत केला की बियरमधला गॅस दुप्पट होतो. उतरलेली, म्हणजे गॅस निघून गेलेली बियर अशा ग्लासात ओतली की पुन्हा फसफसते. पोट फुगत नाही. आणि असा ग्लास विकत घ्यायची गरजच नाही, तळात थोडं ॲसिड ओतून रात्रभर ठेवलं की झालं.

ॲसिडचं आधी, कारण बाकीच्या चुकांनी फार तर बियर वाया जाईल, या चुकीने माणूस जाईल.

मजकुरात नुसतं "ॲसिड" लिहिलंय, कुठलं ते नाही. संडास-बाथरूम धुवायला घरात असतं ते हायड्रोक्लोरिक. ते काचेला काहीही करत नाही, प्रयोगशाळेत ते काचेच्या बाटलीतही साठवतात. रात्रभर सोडा, महिनाभर ठेवलं तरी तळ गुळगुळीतच राहील. बॅटरीतल्या सल्फ्युरिक ॲसिडचंही तेच. काच खातं ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड, किंवा काचेवर नक्षी उठवायच्या क्रीममधली अमोनियम बायफ्लोराइडसारखी फ्लोराइडं. म्हणजे होणार काय? पहिल्या रात्री काही घडलं नाही की माणूस "जास्त स्ट्राँग" काहीतरी शोधायला निघणार. गंज काढायच्या काही द्रावांत नेमकं हेच ॲसिड असतं.

याची खोड अशी की सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच कळतही नाही. २० टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेचं असेल तर वेदना सुरू व्हायला २४ तासही लागू शकतात. तोवर फ्लोराइड आत उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शरीराच्या अडीच टक्के भागावर, म्हणजे जेमतेम दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवर, तीव्र ॲसिड पडून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. कुणी हा उद्योग आधीच केला असेल आणि अंगावर थेंब उडाला असेल, तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि दुखत नसलं तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथे "ॲसिड" एवढंच सांगू नका, "हायड्रोफ्लोरिक" किंवा "फ्लोराइड" हा शब्द सांगा, कारण उपचार वेगळा आहे: २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. साध्या भाजण्याचं मलम तिथे कामाचं नाही.

आता गॅस दुप्पट होण्याबद्दल. साध्या लागर बियरमध्ये लिटरमागे साधारण ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे ३३० मिलीच्या बाटलीत १.६ ग्रॅमच्या आसपास. बाटली उघडल्यावर त्यात भर पडायला वाव नाही, तो फक्त कमी होत जातो. मग ग्लास तो वाढवणार कुठून? खरबरीत तळ त्या गॅसला बाहेर पडायची वाट करून देतो, एवढंच. द्रवाच्या पोटात शून्यातून बुडबुडा तयार व्हायला फार जोर लागतो आणि बियरमधला गॅस तेवढा दाबाखाली नसतो. त्याला आधीपासून अडकलेली हवेची कुपी लागते. ओतताना खाचेत हवा राहते, विरघळलेला गॅस त्या हवेत शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटून वर जातो, आणि खाचेत उरलेल्या हवेवर पुढचा सुरू होतो. तळातून वर जाणारी माळ दिसते ती अशी.

यावर संशोधन झालेलं आहे. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर आणि क्लारा सिलिंद्र यांनी २०२१ साली 'एसीएस ओमेगा' या नियतकालिकात लागर बियरचा हिशेब मांडला. त्यांच्या मांडणीनुसार १.४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद खाच असेल तरच तिथे बुडबुडा वाढतो. त्याहून बारीक ओरखडे निरुपयोगी. २५० मिली बियर हळूच ओतली तर ती उतरेपर्यंत २ लाख ते २० लाख बुडबुडे निघतात. हे बुडबुडे बियरमध्ये असलेल्या गॅसचेच. म्हणून कोरलेल्या ग्लासातली बियर गुळगुळीत ग्लासातल्यापेक्षा लवकर उतरते. दावा नेमका उलटा आहे.

उतरलेल्या बियरचा मुद्दा इथेच संपतो. जादा गॅसच उरला नाही तर खाच कितीही चांगली असो, बाहेर काय येणार? बियरमध्ये चिमूटभर मीठ टाकून फेस आणतात, तीही हीच क्रिया. दाण्यांवरच्या हवेवर बुडबुडे धरतात, उरलासुरला गॅस एकदम निघून जातो आणि मागे खारट, उतरलेली बियर राहते.

पोट फुगण्याबद्दल अर्धवट खरं आहे, मान्य करतो. ग्लासात निघून गेलेला गॅस पोटात जात नाही. पण तसं तर जरा उंचावरून ओतूनही होतं.

मग असे ग्लास निरर्थक का? मुळीच नाही, आणि म्हणूनच या मजकुराचा जास्त राग येतो. सतत वर येणारे बुडबुडे फेसाला खालून भरत राहतात, त्यामुळे शेवटच्या घोटापर्यंत वर थर राहतो आणि वासही नाकापर्यंत येत राहतो. बेल्जियमच्या डुव्हेल या बियरच्या ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासात तळाला 'डी' अक्षर कोरलेलं असतं ते यासाठीच. अमेरिकेतल्या सॅम्युअल ॲडम्स या बियर ब्रँडने २००७ साली काढलेल्या ग्लासच्या तळाला लेझरने कोरलेलं वर्तुळ आहे. तेव्हा हवाच असेल तर ब्रुअरीचा स्वतःचा ग्लास घ्या, किंवा बारसाठी ग्लास पुरवणाऱ्यांकडे "न्यूक्लिएटेड" किंवा "लेझर एच्ड बेस" असं विचारा. पैसे देण्यापूर्वी ग्लासच्या आत बोट घालून तळ चाचपा. खरबरीतपणा आतून लागला पाहिजे. बाहेरून कोरलेला लोगो शोभेचा, बियरला त्याचा स्पर्शही होत नाही. गव्हाच्या बियरमध्ये गॅस आधीच जास्त असतो, तिच्यासाठी असा ग्लास घेऊ नका, फेस उतू जातो.

घरी करायचंच असेल तर ॲसिडाने नाही, हिऱ्याची कणी लावलेल्या, ड्रिलसारख्या फिरत्या हत्याराला बसणाऱ्या बिटने. लांब दांड्याचं बिट हवं, नाहीतर उंच ग्लासच्या तळापर्यंत पोचत नाही. जाड बुडाचा साधा ग्लास घ्या. टफन्ड काचेला हात लावू नका, तिच्या आत ताण कोंडलेला असतो, एका खाचेने ती फुटून विखुरते. तळात चमचाभर पाणी ठेवा, धूळ उडत नाही आणि काच तापत नाही. बॅटरीवर चालणारं हत्यार बरं, पाण्यात विजेची वायर नको. चष्मा आणि मास्क लावा. मधोमध दीड-दोन सेंटिमीटरचं वर्तुळ हलक्या हाताने फिरवा, जोर देऊ नका. खाच खोल गेली की गरम पाण्याने धुताना तिथूनच तडा जातो. सगळा तळ खरवडला तर फेस आवरत नाही आणि बियर लवकर उतरते. काम झाल्यावर चार-पाच वेळा भरपूर पाण्याने धुवा, काचेचा कण आत राहता कामा नये.

चाचणी आधी साध्या सोड्यावर करा. माळ फक्त वर्तुळातून यायला हवी. बाजूच्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लासला तेलकटपणा किंवा फडक्याचे तंतू राहिलेत. कापसाच्या तंतूंच्या पोकळीतही हवा अडकते आणि तिथूनही बुडबुडे निघतात, मग वर्तुळ चालतंय की नाही ते कळत नाही. म्हणून ग्लास पुसू नका, जाळीवर उपडा वाळवा. काही महिन्यांनी माळ रोडावली तर खाचांत क्षार बसलेत असं समजा. तळ बुडेल एवढं पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि वास जाईपर्यंत धुवा.