पहिल्या प्रेमात नाक कसं खुपसावं

ज्या गावाचं नावच एका फसलेल्या प्रपोजवरून पडलं, त्या गावात राहून तुम्ही सोळाव्या वर्षी सरळ मार्गाने प्रेम करणार असाल, तर ते गावाला शोभत नाही. पंचवटीत शूर्पणखेने रामाला विचारलं. तिथे एक ‘नाही’ पुरलं असतं. पण रामाने थट्टेत तिला धाकट्या भावाकडे पाठवलं. धाकटा म्हणाला, मी पडलो सेवक, तू आपली मोठ्यालाच विचार. आजच्या भाषेत, दोघांनी तिला एकमेकांकडे फॉरवर्ड केलं. पुढचं वाल्मीकींनी लिहून ठेवलंच आहे. थट्टा दोघा भावांची, नाक तिचं. आणि इथे नासिका कापली गेली म्हणून गाव नाशिक झालं, ही कथा आपण पाहुण्यांना रामकुंडावर उभं करून मोठ्या कौतुकाने सांगतो.

तेव्हा कुणी विचारलंच, तर हो म्हणू नका, नाही तर मुळीच म्हणू नका. “माझ्या मित्राशी बोल” म्हणा. मित्र म्हणेल, “मला काय माहीत, त्यालाच विचार.” परंपरा जपायची ती अशी.

यासाठी अर्थातच मित्र लागतो. अकरावी म्हणजे दहावीचा घाम वाळलेला आणि बारावीचा फुटायचा राहिलेला काळ. त्यात वह्या, बॅग आणि क्लासची फी यांच्याबरोबर एक जिवलग मित्रही घेऊन ठेवावा, कारण प्रेमात पडणं एकाचं काम असलं तरी प्रेम चालवणं हे एकट्याचं काम नव्हे. संध्याकाळी कॉलेज रोडला जाऊन बघा. दोन अ‍ॅक्टिव्हा, त्यांवर पाच जण, मध्ये एक फोन. ज्याचं प्रेम आहे तो गप्प असतो. बाकीचे चौघे मजकूर सांगतात. “हायला दोन आय लाव. एक कोरडा वाटतो.” “तीन नको भो, लाचार दिसतं.” “पाठव आता.” “थांब, ऑनलाइन आहे, लगेच पाठवलं तर वाट बघत होतो असं वाटेल.” मग वीस मिनिटं सगळे मिळून वाट बघतात. टायपिंग असं दिसतं. टायपिंग जातं. पाच जणांचा श्वास एकदम सुटतो. पलीकडे गंगापूर रोडवर कुठल्यातरी कॅफेत एका फोनभोवती चार मैत्रिणी बसलेल्या असणार, हे यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात येत नाही. गप्पा दहा जणांच्या चालतात, प्रेम दोघांचं असतं, आणि त्या दोघांनी एकमेकांना अजून एकही शब्द लिहिलेला नसतो.

फ्रान्समध्ये रोस्ताँने १८९७ साली याच विषयावर नाटक लिहिलं. सिरानोचं नाक लांब, लेखणी त्याहून लांब. ख्रिश्चन देखणा, पण तोंड उघडलं की संपलं. मग देखण्याच्या नावाने पत्रं लिहितो नाकवाला, आणि दोघांचा जीव जिच्यावर त्या रोक्सानला खरा लेखक कळतो तो पंधरा वर्षांनी, तो मरायला टेकल्यावर. म्हणजे नाकाचा प्रश्न फ्रेंचांनाही सुटलेला नाही.

हे नाटक मी फार उशिरा वाचलं. त्याआधी करून बसलो होतो.

१९९३ साली आमच्याकडे मोबाइल नव्हता, फुलस्केप होता. माझ्या मित्राकडे लुना होती, कोवळी मिशी होती, गालाला खळी होती. माझ्याकडे अक्षर होतं. क्लासमधल्या, तीन बाकं पुढे बसणाऱ्या एका मुलीवर त्याचा जीव जडला. तो मला मिसळ खायला घेऊन गेला आणि पैसे त्याने दिले. प्रकरण गंभीर आहे हे मी तिथेच ओळखलं.

“भो, तुझं मराठी बरंय. मला जे वाटतं ते तू लिही.”

“तुला काय वाटतं?”

“तेच तर तू लिही ना.”

लिहिलं. चार पानं, पाठपोट. गोदावरी आणली, सोमेश्वरचा धबधबा आणला, गंगापूर धरणामागे सूर्य बुडवला, चंद्र तर उगवलाच. तिसऱ्या पानावर पोचेतो माझाच जीव गुंतला. तिच्यात की माझ्या मजकुरात, याचा निकाल अजून लागायचा आहे. वाचून दाखवायला पुन्हा त्याच टपरीवर गेलो, तेव्हा दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर तर्रीचा थेंब पडला. मी पुसायला गेलो तर मित्राने हात धरला. म्हणाला, “राहू दे. रक्त वाटेल.”

पत्र हातात देणं हा अर्थातच मूर्खपणा झाला असता. समोरचा वाचतो आणि उत्तर देतो. सगळी मजाच जाते. ती दर शनिवारी गावातल्या एका वाचनालयात पुस्तक बदलायची, आणि पुढच्या खेपेला कोणतं नेणार हे मैत्रिणीला सांगताना आम्ही ऐकलं होतं. त्या पुस्तकाच्या बरोबर मधोमध पत्र सरकवलं आणि पुस्तक कपाटात होतं तिथे ठेवून दिलं. शनिवारी तिला ताप आला. पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलं. यातलं काहीही आम्हाला ठाऊक नव्हतं.

पत्र न पोचण्याला साहित्यात फार मान आहे. रोमिओचंच घ्या. रविवारी रात्री भेट, सोमवारी लग्न, गुरुवार उजाडेतो दोघंही कबरीत. आणि तेही का, तर ज्युलिएट मेलेली नाही, नुसती झोपलेली आहे, हे सांगणारं पत्र घेऊन निघालेला धर्मबंधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला. व्हेरोना ते मँटुआ अंतर नाशिक-निफाडएवढं असेल. नोकर घोड्यावरून जाऊन ती गेल्याची बातमी सांगून आला, पत्र काही पोचलं नाही. ज्युलिएटला अजून चौदावं पुरं व्हायचं होतं, आणि रोमिओ त्या रविवारी दुपारपर्यंत रोझलाइन नावाच्या भलत्याच मुलीसाठी उसासे टाकत होता, हे लोक सोयीस्कर विसरतात. तुम्हीही विसरा. आदर्श ठेवायचा तर असाच ठेवावा. एकच टिक दिसली की तिचं नेट संपलं असेल असला क्षुद्र विचार मनात आणू नका. थेट थडगं गाठा.

आम्ही थडगं गाठलं नाही, पण अर्थ लावायला बसलो. पहिल्या आठवड्यात ती क्लासमध्ये मैत्रिणीकडे बघून हसली. मित्र म्हणाला, सगळ्यांना वाचून दाखवलं तिने. दुसऱ्या आठवड्यात ती हसली नाही. मित्र म्हणाला, रागावलीय. मी मात्र मनात म्हणत होतो, तिने माझं अक्षर ओळखलंय आणि ती माझ्यासाठी झुरतेय. एकाच चेहऱ्यावरून दोघांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या. तिसरी ती लिहीत असणार, कारण कालपर्यंत वह्या मागायला येणारे दोन मुलगे आता तिला बघून रस्ता ओलांडत होते.

या कलेत मराठी माणूस मागे नाही. मोलिएरचं १६६० मधलं प्रहसन इंग्रजीच्या वाटेने देवलांकडे आलं आणि १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन उभं राहिलं. सगळा गोंधळ एका तसबिरीचा. ती चुकीच्या हातात दिसते आणि फाल्गुनराव हातातलं सोडून संशयाच्या मागे लागतात. शंभर वर्षं आपण त्यांना हसतोय. तुमच्यासाठी तर सोय आणखी वाढली आहे. तसबीर आता खिशात असते आणि रोज बदलते. तिने डीपी काढला म्हणजे काय? त्याने स्टेटसला पाऊस का ठेवला? ग्रुप फोटोत तिच्या खांद्यावर जो हात आहे तो कुणाचा, मनगटावरचं घड्याळ मोठं करून बघा. तो तिच्या मामाचा निघेल, पण तोवर दोन रात्री सत्कारणी लागलेल्या असतील. विचारून टाकलं तर या रात्री भरायच्या कशाने?

सोळाव्या दिवशी ते पुस्तक कपाटात परत आलं. मी एकटाच होतो. मधोमध पत्र तसंच, पण कुणीतरी लाल पेन्सिलीने तपासलेलं. ‘आर्शिवाद’ खोडून ‘आशीर्वाद’. (प्रेमपत्रात आशीर्वाद कशाला, हे विचारू नका, निबंधाचा हात होता.) ‘उज्वल’मध्ये आणखी एक ज. चंद्राच्या परिच्छेदाला समासात उभी रेघ आणि पुढे ‘पुनरुक्ती’. तर्रीच्या डागाभोवती गोल काढून प्रश्नचिन्ह. आणि शेवटी, पेन्शनरच असणार अशा वळणदार अक्षरात: ‘भावना प्रामाणिक. पाल्हाळ फार. लिहिणाऱ्याचे नाव नाही.’

चारही पानं पुन्हा उलटसुलट पाहिली. नाव खरंच नव्हतं. मित्राला वाटलं होतं, अक्षरावरून कळेल. अक्षर माझं होतं.

आता इथे साधा मित्र काय करेल? धावत जाऊन सांगेल, अरे, तिला मिळालंच नाही. पण तुम्ही साधे मित्र नाही. तुमच्यामागे कालिदास उभा आहे. शालिमारला त्याच्या नावाचं नाट्यगृह आहे, येता-जाता नमस्कार करत चला. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थात पडली, माशाने गिळली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दुर्वासाने शाप दिला तेव्हा ती दुष्यंताच्या विचारात इतकी बुडाली होती की तिने तो ऐकलाच नाही. ऐकला तिच्या दोघी सख्यांनी, अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदेने जाऊन ऋषीची मनधरणी केली, ओळखीचा दागिना दाखवला की शाप सुटेल असा उतारा मिळवला, आणि मग दोघींनी ठरवलं की हे आपल्यातच ठेवायचं. का, तर ती नाजूक, तिला सोसणार नाही. निघताना एवढंच सांगितलं, की राजाने ओळखलं नाही तर ही अंगठी दाखव. कशासाठी, ते नाही. मला विचाराल तर सगळ्या नाटकातली थोर जागा ही आहे, माशाची नव्हे. दुर्वास काय, बाहेरचा माणूस. खरं नुकसान करायचं तर आतलं आणि प्रेम करणारं कुणीतरी लागतं. प्रत्येक कट्ट्यावर एक प्रियंवदा असतेच, तिला सगळं माहीत असतं आणि तुझ्या भल्यासाठीच ती गप्प असते.

मीही गप्प राहिलो. त्याला उगाच वाईट वाटेल, असं स्वतःला सांगितलं आणि पत्र फिजिक्सच्या जर्नलमध्ये ठेवलं. तो आपला नकार मिळाल्याच्या दुःखात लुना घेऊन एकटाच पांडवलेणीच्या पायथ्याशी जाऊन बसायचा, आणि त्याचं सांत्वन करायला मागे जायचो मी. फार सुंदर बोलायचो. दिवाळीनंतर त्याने प्रॅक्टिकल उतरवायला जर्नल मागितलं, मी दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते बाकावर ठेवलं, त्याच्यावर पत्र ठेवलं आणि जागा बदलली.

पहिलं प्रेम विसरता येत नाही, असं म्हणतात. मला तर ते धड आठवतही नाही. चष्मा होता का तिला? पण त्या रिकाम्या बाकाची डाव्या हाताची कड कशी सोललेली होती ते सांगू शकतो. चार महिने तिकडेच बघत होतो.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशव्यांच्या काळातले हौद, एरवी वरून माती, फळ्या, डांबर. वर्षभर त्यांच्यावरून गाड्या जातात आणि परक्याला खाली काही आहे असं वाटतही नाही. तिवंध्याला मी काठावर उभा होतो. मागून कुणीतरी ढकललं. धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मारायची सवय नसल्याने नाकातोंडात पिवळं पाणी गेलं, वर आलो तर बाजूला तो, भिजलेल्या मिशीसकट.

“आशीर्वादमधला रफार कुठे असतो, भो?”

एवढंच म्हणाला. रंग आठवडाभर निघाला नाही.

यंदा गेट-टुगेदरला ती आली होती. आम्ही दोघे एकाच टेबलावर, साखर तपासून आलेलो. तिने ताट ठेवलं, समोर बसली आणि म्हणाली, “एक विचारू? अकरावीत तुम्ही दोघं एकदम माझ्याशी बोलायचे बंद झालात. मी वर्षभर विचार करत होते, माझं काय चुकलं. काय झालं होतं?”

मी म्हणालो, “त्याला विचार.”

तो म्हणाला, “मला काय माहीत, यालाच विचार.”

तिने नाक मुरडलं आणि जिलेबी घ्यायला उठून गेली.