साधेपणाची इस्त्री

‘मला कपड्यांचं काही पडलेलं नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाचं कपाट एकदा उघडून बघावं. आत फिक्या निळ्या रंगाचे एकसारखे शर्ट ओळीनं टांगलेले असतात आणि त्यातला नेमका कुठला घालायचा, या विवंचनेत तो माणूस रोज सकाळी कपाटासमोर उभा असतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण कपाट माझंच आहे.

साधं दिसणं हे महाकष्टाचं काम आहे. भपकेबाज दिसायचं तर एखादं चमचमतं जॅकेट पुरतं. साधेपणाला मात्र रंग फिका लागतो, पण विटका चालत नाही. इस्त्री लागते, पण ती मुद्दाम केल्यासारखी दिसता कामा नये. कॉलर थोडी जुनी असली की ‘हा गृहस्थ वस्तू उगाच टाकून देत नाही’ असं समोरच्याच्या मनात येतं. तीच कॉलर घडीवर झिजून आतलं पांढरं अस्तर डोकावू लागलं की ‘याचं सध्या काही बरं चाललेलं दिसत नाही’ असं येतं. या दोन मतांमध्ये जेमतेम दोन धुण्यांचं अंतर असतं. तेवढ्यात शर्ट वापरून घ्यावा लागतो.

बायकोला यातलं काही पटत नाही. तिच्या मते हे तत्त्व वगैरे काही नसून शुद्ध आळस आहे. मी तिला स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे काळे टर्टलनेक दाखवले. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना फक्त करडे नाहीतर निळे सूट घालत, कारण असल्या फुटकळ निर्णयांत त्यांना डोकं खर्च करायचं नव्हतं, हेही सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली, “मग तुझं वाचलेलं डोकं तू कुठे खर्च करतोस?”

ती एवढ्यावर थांबली हे नशीब. कारण याच ओबामांनी ऑगस्ट २०१४ मध्ये एका पत्रकार परिषदेला बदामी रंगाचा सूट घातला होता. विषय इराक-सीरियाचा, पण बोलबाला झाला सुटाचा. हा रंग गांभीर्याला शोभतो का, यावर जाणती माणसं तावातावानं बोलली. मला त्या बातमीनं केवढा धीर आला! एवढ्या मोठ्या माणसाचीही यातून सुटका नाही.

कपडे दुसऱ्याचं मत बदलतात ते बदलतात, आपलंही बदलतात म्हणे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१२ साली काही लोकांना पांढरा कोट घालायला दिला. कोट तोच. हा डॉक्टरचा आहे असं ज्यांना सांगितलं त्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. चित्रकाराचा आहे असं ज्यांना सांगितलं त्यांचं तेवढं लागलं नाही. हे वाचून मी घरून काम करायच्या दिवशीही कडक शर्ट, पट्टा, बूट असा जामानिमा चढवून बसलो. लक्ष लागायचं राहिलंच. घरातलं जो तो येऊन ‘कुठे निघालास?’ विचारून जात होता. पुढे २०१९ साली त्या अभ्यासातला एक प्रयोग दुसऱ्या मंडळींनी करून पाहिला, तेव्हा कोटाचा काही प्रभाव दिसला नाही. त्यांच्याही घरी माणसं असावीत.

मुलीची तऱ्हा वेगळी. तिची मूल्यं छातीवर छापलेली असतात. ‘पृथ्वी वाचवा’ हा टी-शर्ट तिच्याकडे तीन रंगांत आहे. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. हे मी तिला सांगितलं आणि पृथ्वीनं नेमकी किती रंगांत मदत मागितली होती, असंही विचारलं.

“बाबा, विचार दिसले पाहिजेत,” ती म्हणाली.

मग तिनं टाकून दिलेला मॅरेथॉनचा टी-शर्ट मी उचलला. टाकाऊतून टिकाऊ, हा आमचा विचार. त्यावर पाठीमागे ‘४२.१९५ किमी’ असं ठळक छापलेलं आहे. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी मला गुडघेदुखीवर सल्ला विचारतात. “सगळं स्ट्रेचिंगवर असतं,” असं मी गंभीरपणे सांगतो आणि पहिल्या मजल्यावर उतरतो.

पण माझं एक बरं आहे. मी फार तर गबाळा ठरतो. बायकोच्या नुसत्या बाह्यांच्या लांबीवरून लोक तिचं वय, संस्कार आणि माझा पगार एवढं सगळं काढतात. बायकांच्या कपड्यांची पंचाईत करायला पूर्वी पोलीस असत. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला, की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली: हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. म्हणजे सायकलवर बसलेली बाई सभ्य, आणि सायकल भिंतीला टेकवून चार पावलं चालली की गुन्हेगार! हा हुकूम रद्दबातल असल्याचं फ्रान्स सरकारनं अधिकृतपणे सांगितलं ते थेट २०१३ साली. हल्ली हे खातं शेजारपाजारचे लोक बिनपगारी सांभाळतात.

मध्यंतरी बायकोनं मला नवे शर्ट घ्यायला एका मोठ्या दुकानात नेलं. ती दुसरीकडे काहीतरी बघत होती आणि मी फिक्या निळ्या रंगाच्या रांगेपाशी उभा होतो, अर्थात फिक्या निळ्या शर्टात. दुकानातल्या पोरांचा गणवेशही फिका निळाच निघाला. एक बाई आल्या, हातातला शर्ट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “दादा, यात लार्ज आहे का?”

मी इथे कामाला नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका विश्वास होता, की मी रांगेत हात घातला. मीडियम, मीडियम, स्मॉल, मग लार्ज. गळ्यामागची पट्टी उलटून खात्री करून दिली. “धुतल्यावर आटेल का?” त्यांनी विचारलं. फिक्या निळ्या सुती शर्टाविषयी माझ्याइतका अधिकारानं बोलणारा माणूस त्या दुकानात दुसरा नसावा. आटण्यापासून कॉलरीच्या आयुर्मानापर्यंत मी सगळं समजावलं. त्यांनी दोन घेतले आणि ट्रायल रूम कुठे आहे विचारलं. मी तिकडेही हात दाखवला.

तेवढ्यात बायको आली. “झालं का तुझं? मिळाला का शर्ट?”

“मिळाला ना,” मी म्हटलं. “त्या दोन घेऊन गेल्या.”