काउंटरपॉइज म्हणजे ‘काउंटरवरचं समान वजन’ नव्हे

‘रोज एक इंग्रजी शब्द’ छापाच्या फॉरवर्डमधून काउंटरपॉइज हा शब्द फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: काउंटर म्हणजे दुकानाचा काउंटर. पॉइज हा आपल्या ‘पासंग’चा अपभ्रंश. म्हणून काउंटरपॉइज म्हणजे काउंटरवर मालासमोर ठेवलेलं तेवढंच वजन. लिफ्टमध्येही डब्याइतकंच वजन पलीकडे टांगतात. द्रवाचा दाटपणा मोजायचं ‘पॉइज’ हे एकक याच शब्दावरून आलं, आणि रेडिओच्या अँटेनाचा काउंटरपॉइज म्हणजे साधं अर्थिंग.

सहा विधानं आहेत आणि सहाही चुकीची आहेत. एकेक घेऊ.

‘काउंटर म्हणजे दुकानाचा काउंटर’

इंग्रजीत दिसायला सारखे, पण मुळात वेगळे असे दोन काउंटर आहेत. दुकानाचा काउंटर लॅटिन ‘कॉम्प्युतारे’, म्हणजे मोजणे, या क्रियापदाच्या घराण्यातला. पैसे मोजायचं टेबल ते काउंटर. आजचा कॉम्प्युटर त्याचाच भाऊबंद. काउंटरपॉइजमधला काउंटर मात्र लॅटिन ‘कॉन्ट्रा’चा, फ्रेंच ‘कॉन्त्र’मार्गे आलेला. अर्थ: विरुद्ध, समोरून. टॅलीमध्ये कॉन्ट्रा व्हाउचर टाकणाऱ्याला हा शब्द रोज भेटतो. ‘कंट्रोल’सुद्धा इथलाच. मूळ नोंदवही ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही, म्हणजे ‘विरुद्ध-वही’, यावरून तो बनला.

‘पॉइज हा पासंगचा अपभ्रंश’

हे ऐकायला गोड आहे, पण शब्दाची वाट स्पष्ट दिसते आणि ती आपल्याकडून जात नाही. लॅटिन ‘पेंदेरे’ म्हणजे टांगणे, टांगून तोलणे. त्यावरून ‘पेन्सुम’, तोललेली वस्तू. बोलीभाषेत ‘स’च्या आधीचा ‘न’ गळाला आणि ‘पेसुम’ उरलं. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये वजनाला अजून ‘पेसो’च म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं आधी ‘पेइस’, मग ‘पोइस’ झालं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. गंमत म्हणजे फ्रेंच पंडितांना पुढे वाटलं की हा शब्द वजन या अर्थाच्या लॅटिन ‘पोंदुस’वरून आला असणार, म्हणून त्यांनी लिहिताना त्यात एक ‘द’ घुसडला. तो आजही आहे आणि आजही उच्चारत नाहीत. इंग्रजी पॉइज या पंडितीतून वाचला. माणसाच्या वागण्यातला डौल, शांतपणा हा पॉइजचा अर्थ नंतरचा. आधी वजन, मग तोल, मग तोल सांभाळणारी चालढाल.

पासंग आपल्याकडे फारसीतून आला. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, संगमरवरातला संग तोच. पॉइजच्या मुळाशी टांगणं आहे, पासंगाच्या मुळाशी दगड. दोन्हींत ‘प’ आणि ‘स’ आहेत, एवढ्यावर नातं जुळत नाही.

नातं हवंच असेल तर खरं आहे, फक्त दुसरीकडे. संस्कृत ‘तुला’ आणि ग्रीक ‘तालांतोन’ हे शब्द एकाच प्राचीन धातूचे. तालांतोन म्हणजे तराजू, मग एक ठरावीक वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी. इंग्रजी ‘टॅलंट’ त्यातून आला. पण इथेही कुणी कुणाकडून उचललेलं नाही. दोघे एका आजीची नातवंडं.

‘समान वजन असेल तरच काउंटरपॉइज’

खरी घोडचूक ही. काउंटरपॉइज म्हणजे पलीकडून उत्तर देणारा भार. बरोबरी असलीच तर ती परिणामाची असते, किलोंची नव्हे. परिणाम ठरतो वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर यावर.

एकाच पारड्याचा, लांब दांडीचा काटा पाहा. माल टेकूपासून 5 सेंटीमीटरवर टांगलेला असतो आणि दांडीवर 1 किलोचं वजन सरकतं. दांडी रिकामी असताना आधीच समतोल केलेली आहे असं धरू. सरकतं वजन 60 सेंटीमीटरवर आल्यावर दांडी आडवी झाली, तर माल 12 किलो. या सरकत्या वजनाला इंग्रजीत पॉइजच म्हणतात. एक किलोने बारा किलोंना उत्तर दिलं. धान्य-भुसाराच्या दुकानातल्या जुन्या प्लॅटफॉर्म काट्यावर तर टांगायचं वजन भाराच्या शंभराव्या हिश्श्याचं असे: अर्धा किलो टांगलं की 50 किलो.

आता विहिरीवरची ओकती. आडव्या दांड्याच्या एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. बादली 2 किलोची आणि त्यात 15 लिटर पाणी, असं धरा. दगड रिकाम्या बादलीइतका बांधला तर भरलेली बादली वर काढताना सगळे 15 किलो माणसालाच ओढावे लागतील. म्हणून दगड बादली अधिक निम्मं पाणी, म्हणजे साडेनऊ किलोंना पुरेल असा घेतात. मग रिकामी बादली खाली नेताना साडेसात किलोंचा जोर लावायचा, वर आणताना साडेसात किलोंचा. दगडाकडची बाजू निम्म्या लांबीची असेल तर दगड 19 किलोचा हवा. व्यवहारात याहूनही थोडा जड बांधतात, कारण अंगाचं वजन टाकून खाली ओढणं हे उचलण्यापेक्षा सोपं. समान वजन या यंत्रात कुठल्याच क्षणी नसतं.

मध्ययुगीन युरोपातली ट्रेबुशे तर याच्याही पुढची. वेढ्यात दगडगोळे फेकणाऱ्या या यंत्राचा काउंटरपॉइज गोळ्याच्या कित्येक पट जड असे. समतोल राहिला असता तर गोळा जागचा हललाच नसता.

शेक्सपिअरच्या 1600 साली छापलेल्या ‘मच अडो अबाउट नथिंग’मध्ये हा शब्द क्रियापद म्हणून येतो. क्लॉडिओ भावी सासऱ्याला विचारतो, या देणगीच्या मोलाला तोलून धरेल असं मी तुम्हाला परत काय देऊ? तिथे बरोबरी आहे, पण मोलाची.

पासंगाबद्दलही याच मजकुरात घोळ आहे. पासंग मालाला तोलत नाही. रिकाम्या तागडीचं एक पारडं हलकं भरत असेल तर त्या बाजूला बांधलेला दगडाचा किंवा लोखंडाचा तुकडा म्हणजे पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो ते त्यामुळेच: मुख्य वजन सोडा, या चिमुकल्या तुकड्याइतकीही किंमत नाही.

पासंगाने पारड्यांतला फरक झाकता येतो, दांडीतला नाही. समजा दांडीची एक बाजू 20 सेंटीमीटर आणि दुसरी 20.4. पासंग बांधून रिकामी तागडी सरळ केली. आता दुकानदार माल लांब बाजूला ठेवतो आणि 1 किलोचं वजन आखूड बाजूला. काटा मधोमध. मिळालेला माल मात्र 1000 गुणिले 20 भागिले 20.4, म्हणजे 980 ग्रॅम. वजनावर सरकारी शिक्का, काटा सरळ, तरी गिऱ्हाईक 20 ग्रॅमने बुडालं. काटा मारण्याची ही सगळ्यात सभ्य पद्धत. पकडायची कशी? माल आणि वजन यांची पारडी बदलायला सांगा. याच तागडीवर तोच माल आता 961 ग्रॅम दाखवेल. 1000 आणि 961 यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की खरं वजन, 980 ग्रॅम.

‘लिफ्टमध्ये डब्याइतकंच वजन असतं’

नसतं. डबा अधिक पूर्ण क्षमतेचा 40 ते 50 टक्के भार, असा हिशेब असतो. आपल्याकडच्या अनेक लिफ्टमध्ये एका माणसाचे 68 किलो धरलेले असतात, म्हणून आठ जणांच्या अशा लिफ्टमध्ये ‘544 किलो’ अशी पाटी असते. डबा 900 किलोचा असेल तर 50 टक्क्यांच्या हिशेबाने काउंटरवेट, म्हणजे पलीकडे टांगलेलं वजन, 900 अधिक 272, म्हणजे 1172 किलो. भरलेली लिफ्ट काउंटरवेटपेक्षा 272 किलोने जड, रिकामी 272 किलोने हलकी. डब्याइतकंच वजन टांगलं असतं तर मोटरला कधी शून्य, कधी 544 किलो ओढावे लागले असते आणि मोटर दुप्पट ताकदीची घ्यावी लागली असती. ओकतीचाच हिशेब, फक्त दोराऐवजी पोलादी तारा. ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली कोसळण्याऐवजी वर का धावते, तेही यातून कळतं.

हा गैरसमज सोसायट्यांना महागात पडतो. लिफ्टला नवी शोभा म्हणून तळाला 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट बसवतात. 1.4 चौरस मीटरच्या तळाला ते सुमारे 70 किलो होतात. वर आरसे, स्टीलचे पत्रे. काउंटरवेटच्या चौकटीत मात्र वजनाचा एक पाटही वाढवला जात नाही. मग भरलेली लिफ्ट वर नेताना मोटर तापते, ब्रेकचे लायनर लवकर झिजतात, डबा मजल्याच्या पातळीत थांबत नाही. तपासणी सोपी आहे आणि ती लिफ्टच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. 50 टक्क्यांवर बेतलेल्या लिफ्टमध्ये निम्मा भार, इथे 272 किलो, ठेवायचा आणि डबा शाफ्टच्या मध्यावर असताना वर जाताना व खाली येताना मोटरचा करंट मोजायचा. दोन्ही आकडे सारखे आले तर तोल बरोबर. वर जातानाचा जास्त आला तर काउंटरवेट हलकं पडलं आहे.

उंच इमारतींत तारांचंच वजन मधे येतं. 10 मिलिमीटरची तार मीटरला सुमारे 350 ग्रॅम भरते. अशा चार तारा, 60 मीटर: 84 किलो, आणि हे वजन डब्यासोबत एका बाजूकडून दुसरीकडे सरकतं. ते भरून काढायला डब्याच्या तळापासून काउंटरवेटच्या तळापर्यंत साखळी लोंबवतात. तिचं नाव कॉम्पेन्सेटिंग चेन, आणि कॉम्पेन्सेट म्हणजे ‘सोबत तोलणे’, त्याच पेंदेरेवरून.

‘दाटपणाचं एकक याच शब्दावरून’

नाही. ते झां लेओनार मारी प्वाझय या फ्रेंच डॉक्टरच्या आडनावावरून. 1797 ते 1869 हा त्यांचा काळ, आणि बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो यावर त्यांचे प्रयोग. 20 अंश सेल्सिअसला पाण्याचा दाटपणा सुमारे एक सेंटिपॉइज. स्पेलिंग जुळलं, बाकी काही नाही.

‘अँटेनाचा काउंटरपॉइज म्हणजे अर्थिंग’

उलट आहे. तो जमिनीपासून वेगळा ठेवतात. कातळावर किंवा कोरड्या मुरमावर जमिनीतून रेडिओचा करंट नीट परत येत नाही, तापून वाया जातो. अशा ठिकाणी जमिनीच्या वर, इन्सुलेटरवर ताणलेल्या तारांचं जाळं ट्रान्समीटरच्या अर्थ टोकाला जोडतात. तारा आणि जमीन मिळून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, बनतो. वजनाचा इथे संबंध नाही, अँटेनाला विजेच्या अंगाने दुसरी बाजू मिळते एवढंच. जर्मनमध्ये यालाच ‘गेगेनगेविष्ट’ म्हणतात, शब्दशः ‘उलट वजन’.

उदाहरणार्थ, 7.1 मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करायचं तर तरंगलांबी सुमारे 42.25 मीटर. तिचा चौथा हिस्सा 10.56, त्यातून पाचेक टक्के वजा केले की तार साधारण 10 मीटर. अशा चार तारा चार दिशांना, डोक्याला लागणार नाहीत इतक्या उंच. या जाळ्याने शॉक किंवा विजेपासून संरक्षण मिळत नाही, त्यासाठी जमिनीत पुरलेलं अर्थिंग वेगळं करावंच लागतं. आणि तारेचं मोकळं टोक हाताच्या अंतरावर ठेवू नये: 100 वॉटच्या सेटवरसुद्धा तिथे बोट भाजतं.