वॉरंटी आहे ना? मग झालं!

ठाण्यात सेकंड हँड गाडी घेताय? मग एक पथ्य पाळा: कागद वाचू नका. विकणारा ‘साहेब, वॉरंटी आहे’ म्हणाला की ‘कोणाची?’ हे विचारणं म्हणजे पंगतीत बसून ‘तूप साजूक आहे ना?’ म्हणण्यासारखं. माणसं दुखावतात.

कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते, एवढं ऐकून खूश व्हा. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी भरेल तिथे ती संपते, हे मनाला लावून घेऊ नका. गाडीची सर्व्हिस हिस्ट्री तर मुळीच काढू नका. मीटर मागे फिरवता येतं, पण सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत जुना आकडा तसाच बसलेला असतो. उगाच कशाला कुणाचं बिंग फोडा? बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटबद्दलही कंपनीला विचारू नका. ‘मग वॉरंटी विसरा’ असं ऐकायला मिळालं तर दिवस खराब जातो.

खरी मौज विकणाऱ्याच्या स्वतःच्या वॉरंटीत. मीही अशी एक घेतली, छान चकचकीत पुस्तिकेसकट. दोन महिन्यांत घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर, रांगेत फूट फूट सरकताना जळका वास आला. क्लच प्लेट. पुस्तिका काखेत मारून विकणाऱ्याकडे गेलो.

‘क्लच बसत नाही साहेब, ती झीज.’

‘ब्रेक पॅड?’

‘झीज.’

‘बॅटरी? टायर?’

तो नुसता हसला.

‘मग बसतं काय?’

‘इंजिन, गिअरबॉक्स.’

‘त्यांना काही झालं तर?’

‘का झालं, ते बघावं लागेल.’

इतकं स्वच्छ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. थोडक्यात, जे रोज वापरतो ते वॉरंटीत नाही, आणि जे वॉरंटीत आहे ते बिघडलं तर दोष बहुधा आपला. सर्व्हिस चुकली, ऑइल दुसऱ्याच गॅरेजात बदललं, कारणं हवी तितकी. पुस्तिकेच्या शेवटी एका क्लेमची आणि एकूण रकमेची मर्यादाही असते; ते पान चिकटलेलं असेल तर सोडवू नका.

पावसाळा संपल्यावर गाडी बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढू नका. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात बसलेली असू शकते, आणि मन कलुषित होतं. पाणी शिरून गेलेलं इंजिन वॉरंटीत नाही. तो विम्याचा प्रांत, आणि तिथेही इंजिनासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, लागतं. विम्यावरून आठवलं: गाडी हातात आली की विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. पण जुन्या मालकाचं नाव किती शोभून दिसतं पॉलिसीवर!

माझी गाडी सध्या कळव्याच्या गॅरेजात उभी आहे. वॉरंटी मात्र ठणठणीत, अजून चार महिने. प्लास्टिकच्या फोल्डरात घालून ठेवलीय, तिची झीज होऊ नये म्हणून.